लॉक झालेली फाईल स्क्रिप्टनं कशी उडवायची? नवं व्हर्जन चढवताना उडवूच नका

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या तरुण मित्राचा हा प्रश्न. त्याच्याच शब्दांत देतो: “सर, जेनकिन्समधून पॉवरशेलची स्क्रिप्ट चालते. सर्व्हिस थांबवते, जुनं फोल्डर डिलीट करते, नवं कॉपी करते, सर्व्हिस चालू करते. चारदा नीट होतं, पाचव्यांदा ‘फाईल दुसऱ्या प्रोसेसच्या वापरात आहे’ म्हणून अडकतं. तीस सेकंदांचा स्लीप टाकला, -फोर्स लावलं, टास्ककिल पण घातलं. तरी डिलीट होईना गेलीय. हमखास डिलीट करणारी कमांड कोणती?”

नवख्यांसाठी: जेनकिन्स म्हणजे अशी कामं आपोआप चालवणारं टूल, पॉवरशेल ही विंडोजची स्क्रिप्टची भाषा, सर्व्हिस म्हणजे पडद्यामागं चालणारा प्रोग्रॅम, आणि टास्ककिल ही चालू प्रोसेस मारणारी कमांड. हमखास म्हणावी अशी एकच सोय विंडोजमध्ये आहे, आणि ती तुमच्या कामाची नाही. फाईल ‘पुढच्या रीस्टार्टला डिलीट कर’ अशी नोंदवून ठेवता येते. विंडोज ही यादी रजिस्ट्रीत ठेवतं आणि मशीन पुन्हा सुरू होताना, बाकीचे प्रोग्रॅम उठायच्या आत, त्या फायली काढून टाकतं. ऐन गाळप हंगामात काट्याचा सर्व्हर रीस्टार्ट करू द्या म्हणून शेतकी विभागात विचारून बघा, काय उत्तर येतं ते.

आता -फोर्सबद्दल. नाव मोठं, काम छोटं. रीड-ओन्ली किंवा लपवलेली फाईल असेल तर तेवढा अडसर ते दूर करतं. फाईल कुणी उघडून धरली असेल तर -फोर्स दहा वेळा लिहा, काही फरक पडत नाही.

मुळात लॉक म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे निम्मे प्रयोग आपोआप बंद होतील. विंडोजवर एखादा प्रोग्रॅम फाईल उघडतो तेव्हा तो तीन गोष्टी सांगून ठेवतो: माझ्याकडं ही उघडी असताना दुसऱ्यानं वाचली तर चालेल का, लिहिली तर चालेल का, डिलीट केली तर चालेल का. तिसऱ्याला ‘नाही’ म्हटलेलं असेल, आणि बहुतेक प्रोग्रॅम न विचार करता तेच म्हणतात, तर तुमच्या डिलीटला एरर ३२ मिळतो. पॉवरशेलच्या लांबलचक हेक्स आकड्यात शेवटी २० दिसलं तर तो हाच. सोळाच्या हिशेबात २० म्हणजे ३२. एरर ५ आला तर गोष्ट निराळी. तिथं परवानगी नसेल, फाईल रीड-ओन्ली असेल, किंवा ती चालू असलेली ईएक्सई (मुख्य प्रोग्रॅम) नाहीतर मेमरीत चढलेली डीएलएल (प्रोग्रॅमचा सुटा भाग) असेल. १४५ म्हणजे फोल्डर रिकामं झालेलं नाही, आत अजून काहीतरी आहे. तुमच्या मेसेजमध्ये आकडा नाही. लॉगमध्ये आकडा, पूर्ण पाथ आणि वेळ, तिन्ही लिहायची सवय लावा. ‘डिलीट फेल’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही.

यात एक चकवा पण आहे. फाईल उघडणाऱ्यानं डिलीटला ‘हो’ म्हटलेलं असेल तर तुमचं डिलीट यशस्वी होतं, पण जुन्या पद्धतीत शेवटचा धरणारा सोडेपर्यंत ते नाव डिस्कवर तसंच लटकत राहतं. त्याच नावाची नवी फाईल टाकायला गेलात की एरर ५. डिलीट झाली म्हणतो आणि कॉपी करू देत नाही, असं विचित्र चित्र दिसतं. अलीकडच्या विंडोजवर एनटीएफएस या नेहमीच्या डिस्क-पद्धतीत हे बरंच कमी झालंय, पण कारखान्यांमधले सर्व्हर किती अलीकडचे असतात ते तुम्हाला-मला माहीत आहे.

तुमच्या ‘चारदा नीट, पाचव्यांदा नाही’चं कारण माझ्या अंदाजानं सर्व्हिसच्या थांबण्यातच आहे. सर्व्हिस ‘थांबली’ असं विंडोज दाखवतं तेव्हा तिनं फक्त ‘मी थांबले’ असं कळवलेलं असतं. तिची प्रोसेस मेलेली असेलच असं नाही. तुमची सर्व्हिस सिरियल पोर्टवरून काट्याच्या इंडिकेटरचा आकडा वाचते. वाचणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा धागा, आकड्याची वाट बघत पोर्टवर अडकला असेल आणि तो बॅकग्राउंड थ्रेड म्हणून जाहीर केलेला नसेल, तर डॉटनेटची प्रोसेस त्याच्यासाठी थांबून राहते. सर्व्हिसच्या यादीत ‘स्टॉप्ड’, टास्क मॅनेजरमध्ये ईएक्सई जिवंत, आणि तिच्या सगळ्या डीएलएल कुलूपबंद. चार वेळा तुमच्या नशिबानं थ्रेड सुटला, पाचव्यांदा अडकला. तीस सेकंदांच्या स्लीपनं हे सुटत नाही. कधी दोन सेकंद पुरेसे असतात, कधी दोन तास पण पुरत नाहीत.

म्हणून सर्व्हिस थांबवायच्या आधी तिचा प्रोसेस आयडी टिपून घ्या. ‘एससी क्वेरीएक्स’ तो दाखवतं. मग थांबवा, आणि तोच आयडी खरंच संपेपर्यंत वाट बघा, जास्तीत जास्त एक मिनिट. तरी संपला नाही तर तेवढ्याच आयडीला टास्ककिल, आणि लॉगमध्ये तशी ठळक नोंद. ‘एससी स्टॉप’ वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते निरोप देऊन लगेच परत येतं, थांबत नाही. ‘स्टॉप-सर्व्हिस’ आणि ‘नेट स्टॉप’ थांबतात, पण तेही ‘थांबले’ या निरोपापर्यंतच.

टास्ककिलचे दोन धोके तुमच्याच ठिकाणी आहेत. भरलेल्या गाडीचा काटा वेगळा, रिकाम्या गाडीचा वेगळा, आणि दोन्हींच्या सर्व्हिस एकाच नावाच्या ईएक्सईवर चालतात. नावानं मारलं की दोन्ही जातात. दुसरा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हिसच्या रिकव्हरी टॅबमध्ये ‘पडली तर पुन्हा चालू कर’ असं लावलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते आपणच लावलेलं असतं. ‘मी थांबले’ असं तिनं कळवायच्या आधीच टास्ककिल केलं तर विंडोजच्या दृष्टीनं सर्व्हिस पडली. मिनिटभरात विंडोज ती इमानदारीनं उठवतं, आणि तेव्हा तुमची स्क्रिप्ट अर्धं फोल्डर उडवून बसलेली असते. नवी लॉक, नवा एरर, आणि आपण म्हणतो, मारली तरी मरत नाही.

आयआयएसवर, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरवर, पेमेंट यादीची साईट असेल तर तिथंही हाच प्रकार. ॲप्लिकेशन पूल, म्हणजे साईट चालवणाऱ्या प्रोसेसचा गट, थांबवायची कमांड लगेच परत येते; आतली डब्ल्यूथ्रीडब्ल्यूपी प्रोसेस हातातली कामं संपवायला डिफॉल्टनं नव्वद सेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकते. पूलची अवस्था खरोखर ‘स्टॉप्ड’ झाली का ते फिरून फिरून विचारा. साईटच्या मुळाशी ‘ॲप_ऑफलाईन.एचटीएम’ नावाची फाईल टाकली की एएसपी डॉटनेट स्वतःहून ॲप बंद करतं आणि येणाऱ्यांना तेच पान दाखवतं. ही जुनी आणि चांगली सोय आहे, पण त्यानंतरही दोन-चार सेकंद द्यावे लागतात. आणि डब्ल्यूथ्रीडब्ल्यूपीला वारंवार मारायच्या फंदात पडू नका. डिफॉल्ट नियम असा की पाच मिनिटांत पाच वेळा पडली की आयआयएस पूलच बंद करून टाकतं, मग सगळ्यांना ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’.

सर्व्हिस खरंच मेली तरी फाईल सुटत नसेल तर धरणारा दुसरा कुणीतरी आहे. त्याला शोधायला सिसइंटर्नल्सचं ‘हँडल’ नावाचं छोटं टूल आहे, मार्क रुसिनोविच यांच्या संचातलं, मायक्रोसॉफ्टच्या साईटवर फुकट मिळतं. ॲडमिन म्हणून चालवून फोल्डरचा पाथ द्या, कोणत्या प्रोसेसनं काय धरलंय ते सांगतं. डिलीट फसलं की स्क्रिप्टनंच हे चालवून निकाल लॉगमध्ये ओतावा, म्हणजे सकाळी तुम्ही बघाल तेव्हा गुन्हेगार पळालेला असला तरी नाव शिल्लक असेल. त्याच टूलमध्ये दुसऱ्याचं हँडल, म्हणजे उघड्या फाईलसाठी विंडोजनं प्रोग्रॅमला दिलेला नंबर, जबरदस्तीनं बंद करायची सोय पण आहे. स्क्रिप्टमध्ये ती कधीही घालू नका. ज्या प्रोग्रॅमचं हँडल तुम्ही काढून घेतलं त्याला ते माहीतच नसतं. तोच नंबर पुढं दुसऱ्या फाईलला मिळाला तर तो प्रोग्रॅम बिनधास्त भलत्याच फाईलमध्ये लिहून मोकळा होतो. वजनाच्या नोंदीत असं झालं तर शेतकऱ्यांना तोंड कोण देणार?

धरणारा म्हणून ‘सिस्टीम’, आयडी ४, असं आलं तर बहुधा नेटवर्कवरून कुणीतरी शेअर उघडलंय. अकाउंट्समधल्या माणसानं त्या फोल्डरमधली एक्सेल उघडी ठेवून जेवायला जाणं ही या प्रकारातली सर्वांत जुनी कथा. पॉवरशेलमधलं ‘गेट-एसएमबीओपनफाईल’ कोणत्या युजरनं कोणती फाईल उघडलीय ते दाखवतं. मग फोन करून बंद करायला सांगा, ते कमांडनं तोडण्यापेक्षा बरं. रिलीज फोल्डर शेअर का केलेलं आहे, हा प्रश्न त्याच फोनवर विचारून घ्या.

जेनकिन्सची वर्कस्पेस, म्हणजे बिल्डचं कामाचं फोल्डर, डिलीट होत नसेल तर बहुतेक वेळा चोर घरातलाच असतो. एमएसबिल्ड हे बिल्ड करणारं टूल पुढच्या बिल्डला वेग यावा म्हणून आपल्या प्रोसेस काही काळ जिवंत ठेवतं. ती सोय, म्हणजे नोड रीयूज, बंद करा, किंवा बिल्डनंतर ‘डॉटनेट बिल्ड-सर्व्हर शटडाऊन’ चालवा. ग्रेडल हे बिल्ड टूल वापरणाऱ्यांनी ‘ग्रेडल --स्टॉप’. एवढं पुरतं.

आता माझी गोष्ट, कारण तुम्हाला जो उपाय सांगणार आहे तो तिच्यातूनच आला. बरीच वर्षं झाली. लातूरकडचा एक कारखाना, जानेवारीची रात्र, यार्डात ट्रॅक्टर आणि टायरगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. माझी स्क्रिप्ट तुमच्यासारखीच होती: थांबव, उडव, कॉपी कर, चालू कर. शिवाय हुशारी म्हणून पहिल्याच एररला स्क्रिप्ट थांबेल असं लिहिलेलं. रात्री साडेअकराला चालवली, आणि ‘फोल्डर वापरात आहे’ म्हणून थांबली. जाऊन बघतो तर फोल्डर आहे, पण पूर्ण रिकामं. रिकर्सिव्ह डिलीट आधी आतलं सगळं काढतं आणि शेवटी फोल्डर. आतलं सगळं गेलं होतं, फक्त ते रिकामं फोल्डर कुणीतरी धरून ठेवलेलं. म्हणजे जुनं व्हर्जन गेलं, नवं यायच्या आत स्क्रिप्ट थांबली, आणि अडलं कशासाठी, तर एका रिकाम्या फोल्डरसाठी. नवं हातानं कॉपी केलं तरी काटा उठेना, कारण कॉम पोर्टचा नंबर आणि बॉड रेट असलेली कॉन्फिग फाईलही त्याच फोल्डरमध्ये होती आणि तिची कॉपी कुठंच नव्हती. पहाटेपर्यंत वजनं कागदावर लिहिली गेली आणि चिटबॉयनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते.

धरणारा कोण होता? मीच. दुपारी रिमोट डेस्कटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडून त्या फोल्डरमध्ये ‘सीडी’ केलं होतं आणि लॉगऑफ न करता नुसती खिडकी बंद केली होती. सेशन डिस्कनेक्ट झाला, संपला नाही. कमांड प्रॉम्प्ट ज्या फोल्डरमध्ये उभा असतो ते फोल्डर तो धरून ठेवतो. डिप्लॉयच्या आधी ‘क्वेरी युजर’ चालवून कोणाचे सेशन लटकलेत ते बघणं हे तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टचं पहिलं काम आहे. स्वतः स्क्रिप्ट पण त्याच फोल्डरमध्ये उभी नाही ना, हेही बघा. हसू नका, होतं असं.

तेव्हा मी ठरवलं की डिप्लॉयमेंटच्या वाटेत डिलीट येऊच द्यायचं नाही. प्रत्येक रिलीजला स्वतःचं नवं फोल्डर, नावात तारीख आणि बिल्ड नंबर. कॉन्फिग, लॉग आणि डेटा या फोल्डरच्या बाहेर, कायमच्या जागी. नवं फोल्डर सर्व्हिस चालू असतानाच पूर्ण भरायचं. तुमच्या कारखान्यावर नेट कसं आहे ते तुम्हीच सांगितलंत. झिप यायला वीस मिनिटं लागोत नाहीतर तास, काटा चालूच राहतो. झिप उघडून चेकसम (फायली जशाच्या तशा आल्याची खूण) जुळला की मगच सर्व्हिस थांबवायची, ‘एससी कॉन्फिग’नं तिचा पाथ नव्या फोल्डरकडं वळवायचा, आणि चालू करायची. आयआयएसच्या साईटला पण असाच फिजिकल पाथ बदलता येतो. काटा बंद राहतो तो एखाद-दुसरं मिनिट. पाळीच्या इन्चार्जला सांगून दोन गाड्यांच्या मधली फट धरली की कुणाला कळतही नाही. नवं नीट चाललं नाही तर पाथ पुन्हा जुन्याकडं. जुनं फोल्डर जागेवर शाबूत आहे, म्हणजे रोलबॅक म्हणजे तेवढी एक ओळ.

आणि जुनी फोल्डरं? त्यांच्यासाठी वेगळं शेड्यूल्ड टास्क, दिवसातून एकदा, शेवटची पाच ठेवून बाकीची काढणारं. एखादं लॉक असेल तर नोंद करून पुढं जायचं, उद्या परत बघायचं. चार दिवस जुनं फोल्डर पडून राहिल्यानं कारखाना बंद पडत नाही. जे डिलीट रात्री साडेअकराला जीव घेत होतं ते इथं बिनमहत्त्वाचं होतं.

कधी कधी पाथ बदलणं हातात नसतं, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं असतं आणि त्याला एकच ठरलेली जागा हवी असते. तिथं डिलीटऐवजी नाव बदला. फोल्डरच्या आत एखादं हँडल उघडं असलं की विंडोज सहसा फोल्डरचं नाव बदलू देत नाही, पण नकार दिला तर पूर्ण नकार देतं. अर्धवट काही होत नाही आणि जुनं व्हर्जन सुखरूप राहतं. एकटीदुकटी चालू ईएक्सई किंवा डीएलएल असेल तर ती डिलीट होत नसली तरी त्याच ड्राइव्हवर तिचं नाव बदलता येतं. जुनीला ‘.ओल्ड’ लावा, तिच्या जागी नवी ठेवा. पुढच्या वेळी सर्व्हिस उठेल ती नवी घेऊनच.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं, म्हणजे रीट्राय, एकाच कारणासाठी योग्य आहे: अँटिव्हायरस, सर्च इंडेक्सर किंवा बॅकअप यांनी फाईल क्षणभर धरली असेल तर. त्यासाठी चार-पाच प्रयत्न, मधलं अंतर वाढवत, बस. विंडोजची रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरत असाल तर इथं सांभाळा. तिचा डिफॉल्ट दहा लाख प्रयत्नांचा आहे, प्रत्येकात तीस सेकंद. म्हणजे एका लॉक फाईलवर ती जवळजवळ साडेतीनशे दिवस बसू शकते. ‘/आर’ (किती प्रयत्न) आणि ‘/डब्ल्यू’ (मधले सेकंद) स्वतः लिहिल्याशिवाय ती चालवायची नाही. तिचे एक्झिट कोडही वेगळे: ० ते ७ म्हणजे काम झालं, ८ आणि पुढं म्हणजे फसलं. जेनकिन्सला हे माहीत नसतं. नीट कॉपी झाल्यावर मिळालेला १ पण तो लाल दिवा लावून दाखवतो. उलट ‘डेल’ कमांड फाईल डिलीट झाली नाही तरी ० देते. म्हणून डिलीटनंतर कोडवर भरवसा न ठेवता फाईल खरंच गेली का ते बघा.

साफसफाईच्या टास्कमध्ये पाथ व्हेरिएबलमधून येतो, तो रिकामा आला तर काय होईल याचा आधी विचार करून ठेवा. लिनक्सच्या बॅशमध्ये डिलीटच्या ‘आरएम’ कमांडपुढं ‘फोल्डर व्हेरिएबल, तिरपी रेघ, तारा (*)’ असं लिहिलेलं असेल आणि व्हेरिएबल रिकामं असेल, तर उरते ती रेघ आणि तारा, म्हणजे सगळी डिस्क. ‘आरएम’चं मुळाच्या फोल्डरला असलेलं संरक्षण या ताऱ्याला लागू होत नाही. ‘सेट -यू’ लावा, पण ते व्हेरिएबल ठरवलेलंच नसेल तरच थांबवतं; म्हणून व्हेरिएबल रिकामं असेल तरी तिथंच थांबणारा कोलन-प्रश्नचिन्हवाला प्रकार वापरा. पॉवरशेलमध्ये स्ट्रिक्ट मोड लावा आणि पाथ आपल्या रिलीजच्या मुळापासूनच सुरू होतो का ते तपासून मगच हात घाला.

लिनक्सवाले म्हणतील, आमच्याकडं हा त्रासच नाही. खरं आहे, तिथं उघडी फाईल डिलीट होते. नाव जातं, पण शेवटचा धरणारा सोडेपर्यंत जागा सुटत नाही. ‘डीयू’ म्हणतं डिस्क अर्धी रिकामी, ‘डीएफ’ म्हणतं भरली. लॉग डिलीट केलेला असतो आणि सर्व्हिस त्याच्यातच लिहीत असते. ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ देऊन बघा, सापडेल. चालू जावा प्रोसेसची जार फाईल वरून कॉपी करू नका, प्रोसेस कोसळू शकते. नवी बाजूला ठेवून मग नाव बदलून तिच्या जागी आणा. रिलीजची सिमलिंक (खऱ्या फोल्डरकडं बोट दाखवणारं नाव) बदलताना जुन्या सिस्टीमवरचं ‘एलएन -एसएफएन’ आधी जुनी काढतं आणि मग नवी करतं, मध्ये एक फट राहते. तात्पुरत्या नावानं लिंक बनवून ‘एमव्ही -टी’नं जागेवर आणली की ती फट नाही. तिथंही फाईल डिलीट होत नसेल तर फाईलची नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याची परवानगी बघा, आणि एकदा ‘एलएसएटीटीआर’ करून कुणी ती अचल करून ठेवली नाही ना ते बघा.

एक राहिलं. सर्व्हिसच काढून नवी टाकायचा प्रकार तुम्ही पूर्वी करत होतात, आणि ‘डिलीटसाठी खूण केलेली आहे’ असा एरर १०७२ यायचा, असं शेवटी लिहिलंय. तेव्हा सर्व्हरवर बहुधा कुणाच्या तरी सेशनमध्ये सर्व्हिसेसची यादी उघडी असणार. थांबलेल्या सर्व्हिसला धरणारं तेवढंच असेल तर ती खिडकी बंद केली की सर्व्हिस त्याच क्षणी जाते.